दोन वर्षं बांधून ठेवलेल्या गाढविणीला पुन्हा उभं करायचं तर

ताई, तुम्ही लिहिलंय ते असं, की शिक्रापूरजवळच्या एका कुटुंबाकडून तुम्ही म्हातारी गाढवीण आणलीये, ट्रॅक्टर आल्यापासून त्यांचं वीटभट्टीवरचं काम सुटलं आणि ती दोन वर्षं घरामागे नायलॉनच्या दोरीने बांधलेली होती, बरगड्या मोजता येतात, पुढचे खूर वाढून वर वळलेत, मागच्या पायाला दोरीची जखम आहे, पाठीवर जुने वण आहेत. लवकरात लवकर अंगावर मांस कसं चढेल हा तुमचा प्रश्न. आणि सध्या भिजवलेले हरभरे, गूळ आणि पोळ्या देताय, ती आवडीने खातेय.

हरभरे, गूळ, पोळ्या आत्ताच्या आत्ता बंद करा, बाकीचं उत्तर त्यानंतर वाचा.

रागावून नाही सांगत. मी पशुवैद्यक आहे, बावीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी भट्ट्यांच्या पट्ट्यात गेली, आणि उपाशी गाढव उपासाने मरण्यापेक्षा सुटका झाल्यावर पहिल्या आठवड्यात मायेच्या खाण्याने मेलेलं मी जास्त वेळा बघितलंय. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा असंच एक हाडांचा सापळा झालेलं गाढव आलं, मी पोरांना म्हटलं खाऊ घाला पोटभर, मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, जे खाईल ते. दोन दिवस त्याने अधाशासारखं खाल्लं, आम्ही सगळे खूश. तिसऱ्या दिवशी पाय थरथरायला लागले, चौथ्या दिवशी पहाटे आडवं पडलं ते उठलं नाही. मला तेव्हा कळलंच नाही काय झालं, विषबाधा असेल म्हणालो. कारण खूप नंतर कळलं आणि ते गाढव अजून डोळ्यासमोरून जात नाही.

होतं काय, की महिनोन् महिने उपाशी राहिलेलं शरीर स्वतःचंच मांस आणि चरबी जाळून जगत असतं, आणि त्यात फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम हे सगळे साठे तळाला गेलेले असतात. मग एकदम धान्य किंवा गूळ पोटात गेला की रक्तात साखर चढते, इन्सुलिन सुटतं, आणि उरलेसुरले क्षार रक्तातून पेशींमध्ये ओढले जातात. रक्तात मग हृदयाला आणि श्वासाच्या स्नायूंना चालवायलाही पुरेसं राहत नाही. हे पहिल्या दिवशी दिसत नाही, साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसात कळतं, कधी त्याच्याही नंतर, म्हणूनच माणूस फसतो, त्याला वाटतं की खातंय म्हणजे सुधारतंय. शिवाय धान्य आणि गुळाने गाढवाच्या खुरांच्या आतलं अस्तर सुजतं ते वेगळंच, आणि तुमच्या गाढविणीचे खूर आधीच बिघडलेत.

मग द्यायचं काय? वाळवलेला लसूण घास, म्हणजे ल्युसर्नचा चारा, लसणाशी त्याचा संबंध नाही. साखर कमी, प्रथिनं बरी, आणि हवे ते क्षार त्यात आहेत. आपल्याकडचं गावरान गाढव साधारण १०० ते १५० किलोचं असतं, तुमची खंगलेली आहे म्हणजे शंभरच्या आसपास धरू. पहिले तीन दिवस दर चार तासांनी फक्त शंभर-सव्वाशे ग्रॅम वाळलेला घास, रात्री पण, अलार्म लावून उठा. वाळलेला मिळाला नाही तर ओला अर्धा किलो घ्या, सावलीत पसरून कोमेजवा आणि मग द्या. मूठभर दिसेल, ती तुमच्याकडे बघत राहील, जीव तुटेल तुमचा, तरी तेवढंच. चौथ्या दिवसापासून थोडं थोडं वाढवत आणि दोन खाण्यांमधलं अंतरही वाढवत न्यायचं, दहाव्या दिवसापर्यंत त्यात वाळलेलं गवत नाहीतर ज्वारीच्या कडब्याची कुट्टी मिसळत जायची, आणि त्यानंतर कुट्टी नि गवत समोर कायम ठेवलं तरी चालेल, दिवसाला दोन ते अडीच किलो सुका चारा तिला पुरतो. पाणी मात्र पहिल्या मिनिटापासून स्वच्छ आणि हवं तेवढं, खड्याचं मीठ चाटायला ठेवा. गाढव घाण पाणी पीत नाही, तहानलेलं राहील पण तोंड लावणार नाही, त्यामुळे बादली रोज घासायची.

चाऱ्याबद्दल अजून थोडं. बुरशी लागलेला कडबा फेकून द्या आणि बुरशीचा मका तर जवळही आणू नका, त्याने घोडा-गाढवाचा मेंदूच खराब होतो. कोवळी हिरवी ज्वारी नको, किराळ लागते, म्हणजे त्यातल्या विषाची बाधा होते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. उसाचं वाढं सोपं पडतं म्हणून सगळे देतात, एखादा घास ठीक, पण त्यावर जनावर पोसायचं नाही. आणि गाईची किंवा कोंबडीची तयार पेंड अजिबात घालू नका. काही पशुखाद्यांत, कोंबडीखाद्यात तर सर्रास, मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गाईला ते चालतं पण घोडा आणि गाढवाच्या हृदयाला ते विष आहे.

आता याच्या अगदी उलटी भीती. वर म्हटलं की कमी द्या, पण तिने खाणंच सोडलं तर ती इमर्जन्सी समजायची, उद्या बघू म्हणायचं नाही. गाढव खायचं थांबलं किंवा मनाने खचलं की अंगातली चरबी भराभर रक्तात सुटते आणि लिव्हर त्याखाली दबून जातं. जाड गाढवांना आणि गाभण किंवा दूध पाजणाऱ्या गाढविणींना हा धोका सगळ्यात जास्त, पण जागा बदललेल्या, दुखणं असलेल्या कुठल्याही गाढवाला होतो. एकदा मी अशा एकीचं रक्त काढून ट्यूब खिडकीत उभी ठेवली, वीस मिनिटांनी बघतो तर खाली लाल रक्त बसलेलं आणि वर जिथे पिवळसर स्वच्छ पाणी दिसायला हवं तिथे ताकासारखं पांढरं गढूळ. तिच्या मालकाला ती ट्यूब दाखवली तेव्हा त्याला पटलं की दोन दिवसांपासून 'जरा मलूल आहे' म्हणतोय ते काय आहे.

यात फसवणारी गोष्ट अशी की गाढव खाण्याचं नुसतं नाटक करू शकतं. तोंड चाऱ्यात असतं, ओठ हलतात, पोटात काही जात नाही. म्हणून चारा वजन करून ठेवा आणि उरलेला पण वजन करा, डोळ्यावर विश्वास ठेवू नका. लीद मोजा, गोळे पडतायत का, कोरडे चिकट झालेत का, वर पांढरा शेंबडासारखा थर आहे का, असेल तर आतडी हळू चाललीयेत. दिवसभरात नेहमीच्या निम्मंही खाल्लं नाही किंवा कान पाडून कोपऱ्यात उभी राहिली तर १९६२ या सरकारी मदत क्रमांकावर फोन करून जनावरांचा फिरता दवाखाना बोलवा किंवा जवळच्या डॉक्टरांना घेऊन या, रात्र असली तरी.

डॉक्टर आले की एक गोष्ट नम्रपणे आठवण करून द्या, आम्ही लोक दिवसभर गाई-म्हशी बघतो त्यामुळे हात तिकडेच वळतो. गाईला १०१.५ फॅरनहाइट नॉर्मल असतं. गाढवाचं नॉर्मल साधारण ९७ ते १०० आहे, म्हणजे १०१.५ लागलं तर गाढवाला ताप आहे. नाडी ३६ ते ५२ च्या आत. वेदनाशामक औषधांचंही तसंच, बरीच औषधं गाढवाच्या अंगातून घोड्यापेक्षा लवकर निघून जातात, त्यामुळे घोड्याचा २४ तासांचा डोस गाढवाला दिवसभर पुरेलच असं नाही. आणि गाढव दुखणं दाखवत नाही हे तर पहिलं लक्षात ठेवायचं. घोडा लोळतो, घाम फोडतो, गाढव नुसतं गप्प होतं. मला हे कॉलेजात नाही कळलं, एका वडार आजोबांनी शिकवलं. ते म्हणायचे, डॉक्टर, गाढव ओरडतंय तोवर काळजी नको, गप झालं की बघा. सकाळी भट्टीवर गेले की ते आधी सगळ्यांचे कान बघायचे, नंतर चहा घ्यायचे.

त्यावरून आठवलं, ज्यांच्याकडून आणली त्यांना शिव्या देऊ नका. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वातीन लाखांच्या आसपास गाढवं होती, २०१९ मध्ये सव्वा लाखावर आली, काम गेलं हे त्यातलं एक मोठं कारण. ज्या घराचं पोट गाढवावर होतं त्यांच्याकडे स्वतःच्याच खाण्याचे वांधे झाले. त्यांच्याशी बोलत राहा. तिचं वय काय, शेवटचं शिंगरू कधी झालं, काय खायची, कुणाच्या आवाजाला येते, हे तेच सांगू शकतात.

जखम. मागच्या पायाची दोरीची जखम वरून दिसते त्यापेक्षा खोल असते, नायलॉन मांसात रुतत जातो, कधी कधी तर धागा आतच राहून वरून कातडी धरते. केस कापून नीट बघा. एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, त्याने मोठ्या सिरिंजने जोरात धुवायची, रोज दोनदा. हळद-तेल, जळकं ऑइल, बॅटरीतली काळी पूड, फिनाईल, यातलं काही लावू नका, हे सगळं मी जखमांतून खरवडून काढलंय. अळ्या पडल्या असतील तर टर्पेंटाइनचा बोळा थोडा वेळ ठेवला की त्या वर येतात, मग चिमट्याने एकेक वेचायच्या, शेवटची निघेपर्यंत, रोज, आणि नंतर मिठाच्या पाण्याने धुऊन माश्या बसणार नाहीत असं मलम. आणि आजच्या आज धनुर्वाताचं इंजेक्शन. घोडा-गाढवाला धनुर्वात फार पटकन होतो आणि झाल्यावर वाचवणं फार कठीण, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातली तिसरी पापणी डोळ्यावर येते, शेपटी ताठ होते, तोंड उघडत नाही, तहान असते आणि गिळता येत नाही. ते बघायची वेळ तुमच्यावर येऊ नये. पाठीच्या वणांवरचे केस पांढरे उगवतील, ते तसेच राहतील, काळजी नको.

आता खूर, कारण तुमच्या गाढविणीचा खरा प्रश्न तोच आहे आणि मांस चढलं तरी पाय दुखत असतील तर ती सुधारणार नाही. गाढवाचा खूर घोड्यापेक्षा उभा, लहान आणि पाणी जास्त शोषणारा, कोरड्या दगडाळ जमिनीवर चालून झिजण्यासाठी बनलेला. दोन वर्षं एका जागी, मुताच्या ओल्या मातीत उभं राहिल्यावर तो झिजत नाही, पुढे वाढत जातो, टाच खाली बसते, आणि सगळं वजन पायाच्या मागच्या शिरांवर येतं. लोक नालबंद बोलावतात, तो एका बैठकीत सपासप कापून छान आकार देतो, आणि दुसऱ्या दिवशी जनावर उभं राहू शकत नाही. दोन वर्षांत बिघडलेलं एका दुपारी सरळ होत नाही, शिरा, सांधे, आतलं हाड सगळं त्या वाकड्यालाच सरावलेलं असतं. थोडं थोडं कापायचं, पहिल्या वेळी फक्त पुढचा वळलेला भाग आणि सडलेलं, मग दर चार ते सहा आठवड्यांनी पुढचा टप्पा, सहा महिने ते वर्ष लागू शकतं. जमलं तर कापण्याआधी एक्स-रे काढून आतलं हाड फिरलंय का बघून घ्यावं, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारून बघा. हाड फिरलेलं असेल तर कापायचा अंदाजच बदलतो.

मागच्या वर्षी अशीच एक होती, तिचा पुढचा उजवा खूर हातात घेतला तेव्हा आत बोटभर पोकळी होती, काळा भुसभुशीत चुरा, आणि वास असा की धरणारा मुलगा तोंड फिरवून उभा राहिला. चुरा कोरत गेलो, पांढरं निरोगी लागेपर्यंत, मध्ये एका ठिकाणी सुरीचं टोक लागलं आणि करड्या रंगाचा पू टपकन जमिनीवर पडला. पाय खाली ठेवला, तिने तो टेकवला, उचलला, परत टेकवला, आणि मग पूर्ण वजन टाकलं. कित्येक महिन्यांनी टाकलं असेल. मग एक मोठा उसासा. त्या दिवशी संध्याकाळी तिने ठेवलेला सगळा चारा संपवला.

तेव्हा खालची जागा कोरडी करा, आज. मुरूम टाका, वर कडब्याचा जाड थर, रोज ओला भाग काढून नवीन. डोक्यावर पत्रा पाहिजेच, गाढवाच्या केसांना घोड्यासारखं पाणी निथळत नाही, पावसात भिजलं की कातडीपर्यंत ओलं होतं आणि खंगलेलं असेल तर दोन भिजण्यांत न्यूमोनिया. आणि बांधू नका, कुंपण करून मोकळी सोडा.

दातांकडे कुणी बघत नाही आणि म्हाताऱ्या गाढवाच्या खंगण्यामागे बऱ्याचदा दात असतात. जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या बाजारात गाढव घेताना माणूस पहिल्यांदा तोंड उघडतो, पण ते पुढचे दात, वय बघायला. त्रास मागच्या दाढांचा असतो, त्या आयुष्यभर हिरडीतून वर येत आणि झिजत राहतात, कडेला धारदार टोकं येतात, गाल आणि जीभ कापतात. तिच्या उभं राहायच्या जागी अर्धवट चावून टाकलेल्या गवताच्या ओल्या गुंडाळ्या दिसतायत का बघा, दिसल्या तर दात तपासून घासून घ्यावे लागतील, थोडं झोपेचं औषध देऊन. तोवर लांब कडबा न देता बारीक कुट्टी पाण्यात भिजवून द्यायची.

जंताचं औषध पहिल्या दिवशी देऊ नका. सगळे तेच आधी करतात. अंगात ताकद नसताना भरपूर जंत एकदम मेले तर आतड्याला सूज येते, पोटशूळ उठतो. दोन-तीन आठवडे नीट खाऊ द्या, लीद तपासायला द्या, मग डॉक्टर वजनावर डोस काढून देतील, फेनबेंडाझोल किंवा आयव्हरमेक्टिन. गाढवाच्या फुप्फुसात एक जंत असतो जो गाढवाला फारसा त्रास देत नाही पण घोड्याला खोकून खोकून हैराण करतो, शेजारी कुणाचा घोडा असेल तर त्यांना सांगा. गोचीड आणि उवांसाठी मेडिकलवाला गाईचं अमिट्राझ देईल, ते घेऊ नका. त्याने घोडा-गाढवाची आतडी बंद पडतात, मी दोन जनावरं त्यात गमावलेली बघितली आहेत. उवा साध्या खरारा आणि डॉक्टरांनी दिलेल्या पावडरने जातात.

दोन आजार मात्र आधी तपासून घ्या. एक सर्रा, डंख मारणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे होतो, ताप येतो जातो, हिरड्या पांढऱ्या पडतात, पोटाखाली आणि पायांवर सूज, आणि कितीही खाल्लं तरी जनावर वाळत जातं. रक्त तपासून कळतो, औषध आहे. दुसरा ग्लँडर्स. नाकातून घट्ट पिवळा स्राव, नाकात फोड, कातडीखाली गाठींची माळ, असं काही दिसलं तर तिला हात लावायचं थांबवा आणि पशुसंवर्धन खात्याला कळवा, हा माणसाला होतो आणि जीवघेणा आहे, लस नाही, सरकारी तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. पॉझिटिव्ह आलं तर कायद्याने जनावर राखता येत नाही. सुदैवाने तुम्ही लिहिलेल्यात असं काही नाही, पण रिपोर्ट येईपर्यंत हातमोजे घाला आणि तुमच्या बाकीच्या जनावरांपासून ती वेगळी ठेवा, दिसतील अशी पण अंतरावर.

दिसतील अशी म्हणालो ते मुद्दाम. गाढवाला सोबत लागते, आणि त्यांची जोडी ठरलेली असते. ती दोन वर्षं एकटी होती हे ऐकून मला तिच्या पायाइतकंच वाईट वाटलं. त्या कुटुंबाकडे तिच्या सोबतचं अजून एखादं असेल तर विचारा, रिपोर्ट स्वच्छ आले की आणता येईल. नाही तर निदान शेळी. गाभण आहे का तेही तपासा, मोकाट नर फिरत असतात आणि गाढवीण साधारण बारा महिने गाभण राहते, पोट दिसायला खूप उशीर लागतो, असेल तर औषधं बदलतात.

चार-सहा महिन्यांत ती भरेल. कुणीतरी येऊन म्हणेल, आता चांगली झाली, चार पोती टाका की. नियमाने धडधाकट गाढवावरही ५० किलोच्या वर ओझं टाकता येत नाही आणि हिच्यावर तर काहीच टाकायचं नाही. आणि भरल्यावर मानेवर चरबीची वळी दिसली की लसूण घास बंद, फक्त कडबा आणि गवत.

शिवणकामाचा टेप घ्या, पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर, आणि वहीत तारीख टाकून लिहा. दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी, सकाळी खाण्याआधी. आजचा आकडा, आजचं टेंपरेचर आणि चारही खुरांचे बाजूने काढलेले फोटो मला पाठवा, पुढची कापणी कुठून सुरू करायची ते नालबंदाला समोर ठेवून सांगतो.